वॉशरचा पंप बदलण्यापूर्वी विद्युतजोडणी तपासा

मुंबई : पावसाची सर ओसरली की महामार्गावर पुढील मालमोटारीच्या चाकांनी उडवलेला चिखल मोटारीच्या काचेवर येतो. चालक वॉशरची कळ ओढतो. पण पाणी येत नाही. वायपर कोरड्या चिखलावरून फिरतो आणि समोरचा रस्ता पुसट होतो. भरधाव वेगात असे काही क्षणही अपघाताला पुरेसे ठरू शकतात. शिवाय कोरडा वायपर फिरवल्याने काचेवर कायमचे चरे पडतात.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते आणि त्यानंतर पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करता येते. त्यामुळे २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या मारुती ८०० व अ‍ॅम्बेसेडर यांसारख्या मोटारी आजही रस्त्यावर दिसतात. अशा मोटारींचा वॉशर बंद पडला की अनेकदा थेट पंप बदलला जातो. प्रत्यक्षात दोष फ्यूज, अर्थिंग किंवा गंजलेल्या जोडणीतही असू शकतो आणि तो क्रमाने शोधता येतो.

आवाज येतो का?

पहिली चाचणी कानांची आहे. इंजिन बंद ठेवून किल्ली ‘ऑन’ करावी आणि वॉशरची कळ ओढावी. पंपाची घरघर ऐकू आली, पण पाणी आले नाही, तर विद्युतप्रवाह पंपापर्यंत पोहोचत आहे. अशा वेळी रिकामी टाकी, निसटलेली नळी किंवा क्षारांनी बुजलेले फवाऱ्याचे छिद्र तपासावे. आवाजच नसेल तर दोष विद्युतमार्गात किंवा पंपाच्या मोटरमध्ये आहे.

हा मार्ग साधा असतो. बॅटरीतून निघालेला प्रवाह इग्निशन स्विच, फ्यूज आणि स्टिअरिंगजवळील कळ यांतून पंपाकडे जातो व मोटारीच्या धातूच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परततो. परतीच्या या मार्गालाच अर्थिंग म्हणतात. काही मोटारींत कळ अर्थिंगच्या बाजूला बसवलेली असते.

फ्यूजची तपासणी

अनेक मोटारींत वायपर आणि वॉशर यांचा फ्यूज एकच असतो. तशी रचना असेल आणि वायपर चालत असेल, तर फ्यूज शाबूत आहे. फ्यूज उडाला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवावा. तोही लगेच उडाला, तर तारेचे आवरण घासून शॉर्टसर्किट झाले आहे किंवा पंपाची मोटर जाम झाली आहे. जास्त अँपिअरचा फ्यूज, तांब्याची तार किंवा चांदीचा कागद लावणे धोकादायक आहे. कारण मग फ्यूज वितळण्याआधी तार तापते आणि मोटारीला आग लागू शकते. जुन्या पद्धतीच्या नळीसारख्या फ्यूजची टोके काळी पडून संपर्क तुटतो. ती घासून स्वच्छ केल्यास दोष दूर होऊ शकतो.

दिव्याने होणारी पारख

पंप सहसा पाण्याच्या टाकीच्या तळाशी असतो. टाकीतून पाझरणाऱ्या पाण्यामुळे त्याच्या प्लगमधील पिनांवर हिरवट थर चढतो. प्लग काढून पिना स्वच्छ कराव्यात आणि पुन्हा चाचणी घ्यावी.

तरीही पंप सुरू झाला नाही तर १२ व्होल्टचा, २१ वॉटचा इंडिकेटरचा दिवा घ्यावा. मल्टिमीटर येथे फसवू शकतो. गंजलेल्या जोडणीतून प्रवाह वाहत नसताना तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. मात्र पंपाचा भार पडताच व्होल्टेज कोसळते. हा दिवा सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेत असल्याने जोडणीची खरी ताकद कळते.

दिवा प्लगच्या दोन टोकांना जोडून सहकाऱ्याला कळ ओढायला सांगावे. दिवा प्रखर पेटला तर तारा ठीक आहेत आणि पंप निकामी आहे. दिवा मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर त्याचे एक टोक प्लगच्या येणाऱ्या टोकाला आणि दुसरे थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. आता दिवा प्रखर पेटल्यास दोष अर्थिंगच्या बाजूला आहे. सांगाड्यावरील अर्थिंगचा स्क्रू काढून खालचा रंग व गंज खरवडावा आणि स्क्रू घट्ट बसवावा. कळ याच बाजूला असलेल्या मोटारीत कळही तपासावी. दिवा तरीही प्रखर पेटत नसेल तर कळ, फ्यूजपेटी आणि त्यांमधील तार तपासावी लागते.

पंप निकामी असल्याची खात्री करण्यासाठी त्याला फ्यूज लावलेल्या तारेने बॅटरीतून थेट, दोन-तीन सेकंदच प्रवाह द्यावा. टाकीत पाणी असणे आवश्यक आहे, कारण कोरडा पंप लवकर जळतो.

खबरदारी

तार कापण्यापूर्वी किंवा कळ उघडण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असल्यास कळीचे काम प्रशिक्षित ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. दुरुस्तीनंतर इंजिन सुरू ठेवून वायपर व दिव्यांसह वॉशर पुन्हा चालवून पाहावा. सगळे भार एकत्र पडल्यावरही पाण्याची धार काचेच्या मध्यापर्यंत पोहोचली, तरच दुरुस्ती पूर्ण झाली असे समजावे.