जबड्याची शस्त्रक्रिया आणि उलटी: भूलतज्ज्ञाचा एक दिवस

सकाळी ७. तपासणीत मुलीला माझा पहिला प्रश्न: "गाडी लागते का तुला?" उत्तर आई देते, "पसरणीच्या घाटात दर वेळी पिशवी लागते, डॉक्टर." म्हणजे स्त्री, सिगारेट न ओढणारी, गाडी लागणारी, आणि नंतर मॉर्फिनच्या जातीचं औषध लागण्याची शक्यता. भूलतज्ज्ञ ख्रिश्चन ॲप्फेल यांनी १९९९ साली मांडलेले शस्त्रक्रियेनंतरच्या उलटीचे चारही धोके एकत्र. अशा दहांपैकी साधारण आठ जणांना मळमळ किंवा उलटी होते. पहाटे ६ वाजता ती ग्लासभर पाणी प्यायली, हे बरं झालं. शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत नुसतं पाणी चालतं. रात्रभर घसा कोरडा ठेवण्याची रीत मला क्रूर वाटते.

८.३०. भुलीसाठी वायू नाही, शिरेतून प्रोपोफॉल. डोळे मिटल्यावर उलटी टाळायला डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम, त्यानं सूजही कमी राहते. नाकातून श्वासनळीत नळी, घशात ओल्या गॉजचा पॅक. "पॅक आत" असं सिस्टर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितात.

१०.३०. वरचा जबडा सुटा होतो, रक्त येतं. डोकं थोडं उंच, रक्तदाब बेतानं खाली. गिळलेलं रक्त पोटाला सोसत नाही, ते अनेकदा उलटून बाहेर येतं. माझ्या लेखी या शस्त्रक्रियेतला खरा शत्रू तोच.

१२.३०. उलटी रोखायला ऑन्डान्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम. पॅक काढला, मोठ्यानं सांगितलं, फळ्यावरून पुसला. मग तोंडातून पोटात नळी. आधी फेस येतो, मग काळसर, गुठळ्या असलेलं रक्त. नळी थोडी मागेपुढे करत, येणं थांबेपर्यंत मी घाई करत नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि स्थानिक भुलीची इंजेक्शनं दिली आहेत, म्हणजे मॉर्फिन कमी लागेल.

२. आई घाबरलेली. "दात रबरांनी बांधलेत. उलटी आली तर श्वास कोंडेल का हो?" मी शेजारी बसून सांगते: पोटात घन काही नाही, पातळ असेल ते दातांच्या फटींतून, गालाच्या कडेनं बाहेर येतं. तिला कुशीवर वळवा, पुढे झुकवा, सिस्टरना हाक मारा. सक्शन चालू आहे आणि रबरं कापायची कात्री उशाशीच बांधली आहे.

४. तिला थोडं मळमळतंय. ऑन्डान्सेट्रॉन दुपारीच दिलंय, म्हणून वेगळ्या पद्धतीनं काम करणारं औषध.

७. घोटघोट पाणी पोटात राहिलं. रात्रपाळीच्या सिस्टरना सांगते: तोंडात आलेलं रक्त गिळू देऊ नका, ओघळू द्या, आणि उठवताना आधी पाय सोडून थोडा वेळ बसवा.