श्रवणयंत्र घ्यायचे, पण कोणते?

आमच्या चौल-रेवदंडा परिसरात चाळिशीनंतर चष्मा लागला तर कोणी तो लपवत नाही. पण साठी-सत्तरीत ऐकू कमी येऊ लागले की घरात आधी आवाज वाढतो, मग चिडचिड वाढते आणि शेवटी ते वडीलधारे माणूस बोलणेच कमी करते. दुबई-कुवेतहून मुलाचा फोन आला की दादी "तुम्हीच बोला" म्हणत मोबाईल सुनेच्या हातात देतात. जुम्याच्या नमाजला गेलेल्या दादांना खुतबा कानावर पडतो, पण शब्द कळत नाहीत. आपण म्हणतो, वय झाले. खरे तर यातल्या बऱ्याच जणांना श्रवणयंत्राने चांगला फायदा होतो.

मात्र कित्येक घरांत हजारो रुपये मोजून घेतलेले यंत्र कपाटात पडून असते. बहुतेक वेळा यंत्रात दोष नसतो. त्या माणसाच्या कानाला, बोटांना आणि दिनक्रमाला न जमणारा प्रकार घेतलेला असतो. दुकानात पहिले वाक्य "दिसणार नाही असे द्या" हे असते आणि तिथूनच निवड बिघडते.

आधी तपासणी

कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवल्याशिवाय यंत्र घेऊ नये. कधी कानात नुसता मळ साचलेला असतो, कधी पडद्याला छिद्र असते. त्यांचे उपचार वेगळे. त्यानंतर ऑडिओमेट्री करून घ्यावी. तिचा आलेख प्रत्येक कानाला कोणता आवाज किती डेसिबलपासून ऐकू येतो ते दाखवतो. तो कागद चष्म्याच्या नंबरासारखा जपून ठेवावा. शेजारच्या चाचांचे यंत्र आपल्या अब्बांना चालेलच असे नाही, ते यामुळेच.

प्रकार कोणकोणते?

खिशात पेटी आणि कानापर्यंत वायर असे पॉकेट यंत्र सर्वात स्वस्त. बटणे मोठी असल्याने थरथरत्या हातांनाही जमते. पण त्याचा माईक छातीवर असतो, त्यामुळे कपड्यांची खसखस सतत ऐकू येते.

कानामागचे यंत्र, म्हणजे बीटीई, सौम्य ते अतितीव्र बहिरेपणापर्यंत चालते. कानाच्या मापाचा साचा बनवून ते बसवतात. मजबूत असते, हाताळायला आणि साफ करायला सोपे जाते.

कानामागचेच पण लहान, बारीक तारेच्या टोकाला कानात स्पीकर असलेले यंत्र म्हणजे आरआयसी. कान पूर्ण बंद होत नाही, म्हणून स्वतःचा आवाज घुमत नाही. वाढत्या वयात बारीक आवाज ऐकू येईनासे झालेल्यांना हे बहुधा सोयीचे पडते. स्पीकरवरची मळाची जाळी मात्र वेळोवेळी बदलावी लागते.

पूर्ण कानात बसणारे सीआयसी जवळजवळ दिसत नाही, पण त्याची ताकद मर्यादित असते. बॅटरी शेंगदाण्याएवढीही नसते आणि वापरानुसार आठवडाभरही पुरत नाही. नजर अधू असेल, बोटे बधिर असतील किंवा कानात मळ जास्त होत असेल, तर हे घेऊ नये.

दोन्ही कान कमजोर असतील तर शक्यतो दोन्हीकडे यंत्र लावावे. आवाज कोणत्या दिशेने आला ते त्यामुळे कळते. चौलच्या अरुंद रस्त्यांवर मागून येणारी मोटारसायकल ओळखायला हे फार गरजेचे आहे.

आपल्या किनाऱ्याचा हिशेब

इथली हवा दमट आणि खारी. नारळी-पोफळीच्या वाडीत काम करणाऱ्याच्या कानामागे घाम सतत झिरपतो. म्हणून धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा आयपी६८ दर्जा आहे का, ते विचारावे. रात्री बॅटरी काढून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवावे.

चार्जिंगचे यंत्र सोपे असते, बारीक बॅटऱ्या बदलाव्या लागत नाहीत. पण ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आपल्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, हे आठवावे. असे यंत्र घेतल्यास पॉवर बँकेवर चालणारा चार्जर घ्यावा. बॅटरीचे यंत्र असेल तर नंबर रंगाने लक्षात ठेवावा: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. या बॅटऱ्या नातवंडांपासून दूर ठेवाव्यात. गिळल्या गेल्या तर जिवावर बेतते.

वुजू, नमाज आणि ओढणी

आपल्याला दिवसातून पाच वेळा वुजू करायचा असतो. कानाचा मसह करताना यंत्र काढावे लागते. म्हणून घेण्यापूर्वी दुकानातच ते स्वतःच्या हाताने दहा वेळा काढून-घालून पाहावे. जमले नाही तर तो प्रकार आपला नव्हे. हौजावर बसण्याआधी यंत्र डबीत घालून डबी बाजूच्या खिशात ठेवावी. वरच्या खिशातले वाकताना थेट पाण्यात पडते. हात आणि कान कोरडे करूनच ते परत लावावे.

बायकांनी स्कार्फ किंवा ओढणी घालूनच यंत्राची चाचणी घ्यावी. कापड घट्ट बसले की कानामागचे यंत्र शिट्टी मारते, जाड कापड माईकवर घासते. मऊ सुती कापड सैल बांधले तर त्रास कमी होतो. ओढणीखाली कोणतेच यंत्र दिसत नाही, मग दिसण्यासाठी जास्त पैसे का मोजावेत?

मुलांसाठी

वाढत्या वयात कानाचा आकार बदलतो, म्हणून मुलांना साधारणपणे साच्याचे बीटीईच देतात. साचा बदलत जातो, यंत्र तेच राहते. वर्गात प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लावणारे किंवा फक्त ओठांकडे पाहणारे मूल 'ढ' ठरवण्याआधी त्याचे कान तपासावेत, असे आम्ही शिक्षक पालकांना आवर्जून सांगतो.

कुठे जावे?

वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. १९७१ ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल असलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे. १९८३ साली सुरू झालेल्या या संस्थेत तपासणी होते आणि केंद्राच्या एडिप योजनेतून, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना, यंत्रही मिळते. मांडव्याहून लाँचने गेट वे, चर्चगेटहून लोकलने वांद्रे, असा एका दिवसाचा प्रवास आहे. पावसाळ्यात लाँच बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्याची रो-रो किंवा एसटी. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू केली. तिच्यात ६५ वर्षांवरील, वार्षिक दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना साहाय्यक साधनांसाठी ३,००० रुपयांची तरतूद आहे. अलिबागच्या समाजकल्याण कार्यालयात सध्याची स्थिती विचारावी.

विकत घेताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: चाचणीची मुदत, वॉरंटी आणि दुरुस्ती कुठे होते. सेटिंगसाठी दर वेळी मुंबई गाठावी लागली तर यंत्र हळूहळू कपाटात जाते.

घरच्यांचे काम

यंत्र लावले की दुसऱ्या दिवशी सगळे ठीक होत नाही. भांड्यांचा, पंख्याचा आवाजही अचानक मोठा वाटतो. पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीन तास, शांत खोलीत एका माणसाशी बोलण्यापासून सुरुवात करावी. सवय व्हायला महिना-दीड महिना लागतो. घरच्यांनी समोर बसून, सावकाश बोलावे. ओरडू नये, आणि "जाऊ दे, काही नाही" हे वाक्य तर कधीच म्हणू नये.

कुरआनात बऱ्याच ठिकाणी श्रवणाचा उल्लेख दृष्टीच्या आधी येतो. आणि सूरह बनी इस्राईलमध्ये म्हाताऱ्या आईवडिलांशी कसे बोलावे याची ताकीद आहे. आपले अदबीचे बोलणे त्यांना ऐकू जावे, एवढी सोय करणे हेही त्या ताकिदीतच येते, असे आम्हाला वाटते. येत्या सुट्टीत मुले घरी येतील, तेव्हा अम्मी-अब्बांची कानांची तपासणी उरकून घ्यावी.