कुंडीतल्या मातीची कीड आणि मे महिन्याचे ऊन

खानदेशातल्या दोंडाईचा परिसरात घरच्या कुंडीत बहुधा शेतातलीच काळी माती भरली जाते. कापसाला मानवणारी ही माती कुंडीत मात्र अडचणीची ठरते. ती पाणी धरून ठेवते, वरचा थर सतत ओला राहतो आणि त्या ओलीवर किडी पोसतात.

नेहमी आढळते ती चिलटासारखी बारीक काळी माशी. माशी स्वतः झाडाला इजा करत नाही. नुकसान करतात त्या तिच्या अळ्या. पारदर्शक अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या अळ्या मातीतली बुरशी, कुजका पाला आणि कोवळी मुळे खातात. खात्री करून घ्यायची तर बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवावी. दोन-तीन दिवसांनी ती उलटली की खालच्या बाजूला अळ्या वळवळताना दिसतात. खरा इलाज पाणी आवरणे हाच. वरची इंचभर माती कोरडी झाल्याखेरीज पाणी घालू नये, बशीत साचलेले ओतून द्यावे. उडणाऱ्या माश्या पिवळ्या चिकट सापळ्यावर अडकतात. अळ्यांसाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून ते पाणी मातीत ओतावे. किडीचा फेरा तीन-चार आठवड्यांचा असल्याने तितके दिवस दर आठवड्याला हे करावे लागते. एकदा ओतून भागत नाही.

हुमणी बहुतेक वेळा अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते. पाणी असूनही झाड मलूल पडते आणि हलक्या हाताने ओढले तरी उपटून येते, कारण खाली मुळेच उरलेली नसतात. कुंडी रिकामी करून पांढरट, वळलेल्या अळ्या वेचाव्यात. हुमणीसाठी पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या दाणेदार फोरेटवर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. लेकरे वावरतात त्या घरात असले जहाल विष आणणे कधीच योग्य नव्हते.

कुंडीत मुंग्यांची ये-जा वाढली, तर मुळांवर कापसासारखे पांढरे पुंजके आहेत का ते पाहावे. तो पिठ्या ढेकूण. त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या येतात. मुळे धुऊन झाड नव्या मातीत लावावे.

ही नवी माती आधीच निर्धोक करून घेण्यासाठी खानदेशाच्या उन्हाइतके स्वस्त साधन नाही. ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक ताणून ती उन्हात तापवण्याची पद्धत इस्रायलच्या याकोव काटान व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडली. मे महिन्यात पारा बेचाळिसावर जातो तेव्हा गच्चीवर माती आणि शेणखत वीतभराहून पातळ पसरावे, पाणी शिंपडावे, प्लास्टिकच्या कडा विटांनी दाबून चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. काळे प्लास्टिक घेऊ नये. ते स्वतःच तापते, खालची माती कमी तापते. या उष्णतेने अंडी, अळ्या आणि सूत्रकृमी बऱ्याच अंशी मरतात. उपयुक्त जिवाणूही काही प्रमाणात कमी होतात, म्हणून कुंडी भरताना मूठभर निंबोळी पेंड, थोडे गांडूळ खत आणि निचऱ्यासाठी जाड वाळू मिसळावी.