फोनवरचा भामटा

मंडळी, येडशीच्या बाजारात खिसा जपणारा माणूस फोनवर मात्र गाफील राहतो. "बँकेतून बोलतोय, खातं बंद पडेल, आलेला ओटीपी सांगा," असे कोणी म्हटले, की तो भामटा समजावा. बँक ओटीपी किंवा पिन कधीच विचारीत नाही. दुसरी खूणगाठ बांधा: यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका," म्हणणारा तुमचेच पैसे नेतो. फोन ठेवावा, शाखेत जाऊन विचारावे. पैसे गेलेच, तर लाजू नका. तडक १९३० या क्रमांकावर कळवा. भामट्याने रक्कम काढण्याआधी कळले, तर ती गोठवता येते. गुरुजी, मुलांकडून एवढे पाठ करून घ्या. घरचा फोन पुष्कळदा तीच हाताळतात.