नव्या फुप्फुसातले जुने जंतू

किडनी बदललेला माणूस आता ओळखीपाळखीत एखादा तरी निघतो. फुप्फुस बदललेला क्वचितच. किडनी पोटात बंदिस्त असते, फुप्फुस मात्र दिवसाकाठी सुमारे २० हजार वेळा बाहेरची हवा आत ओढते. रोपणात खरी अडचण इथेच आहे.

माणसावरचे पहिले फुप्फुसरोपण अमेरिकेत १९६३ साली डॉ. जेम्स हार्डी यांनी केले. रुग्ण १८ दिवस जगला. दीर्घकाळ टिकलेले यश मिळाले ते १९८३ मध्ये, टोरांटोच्या डॉ. जोएल कूपर यांना. आज चेन्नई-मुंबईतही ही शस्त्रक्रिया होते.

आपल्याला ठसका का लागतो? आत काही गेल्याची वर्दी मज्जातंतू देतात म्हणून. रोपणात हे मज्जातंतू कापले जातात. मग नव्या फुप्फुसात कफ साचला तरी रुग्णाला खोकला येईलच असे नाही. कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांचे कामही मंदावते. त्यात परके फुप्फुस शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यायची. म्हणजे पहारेकरी झोपलेला, कुत्र्याचे तोंड बांधलेले आणि दार सताड उघडे!

निरोगी फुप्फुस निर्जंतुक असते, असे आम्हाला शिकवले होते. जंतूंच्या डीएनएची तपासणी होऊ लागली आणि ते चूक ठरले. झोपेत तोंडातली लाळ थोडी थोडी खाली झिरपते, तिच्यासोबत जंतूही उतरतात; पण निरोगी माणसात त्यांची गर्दी होत नाही. रोपणानंतर मात्र अनेकांत जंतूंची संख्या वाढते, प्रकार घटतात आणि ‘सूडोमोनास’सारखी एखादीच जात शिरजोर होते.

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात कफ चिकट होतो. अशा रुग्णाची दोन्ही फुप्फुसे बदलली, तरी जुना सूडोमोनास नाकालगतच्या पोकळ्यांत दबा धरून असतो आणि तिथून नव्या फुप्फुसात उतरतो. भाडेकरू तोच, घर तेवढे नवे.

याची धास्ती अशासाठी, की रोपणानंतर पाच वर्षांत निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या बारीक श्वासनलिका आतून आकसू लागतात, आणि सूडोमोनासचे ठाण असेल तर हा धोका वाढतो. मग सगळेच जंतू मारून टाकावेत का? तसेही नाही. तोंडातल्या नेहमीच्या जंतूंची माफक, मिश्र वस्ती असलेली फुप्फुसे त्यातल्या त्यात शांत राहतात, असे अलीकडे दिसते आहे. सरसकट प्रतिजैविकांनी तीही उजाड होते.

म्हणून हे रुग्ण घरी रोज एका छोट्या यंत्रात फुंकून आकडा टिपून ठेवतात. खोकला नाही, ताप नाही, तरी आकडा १० टक्क्यांनी घसरला की लगेच रुग्णालय गाठायचे.