दुनळी बंदुकांवरील विरळ लक्षणे
(शिरपूर जैन येथील एका दुनळीच्या निमित्ताने)

वऱ्हाडातील जुन्या घराण्यांत सनदा व बाडे यांच्या जोडीने एखादी ठासणीची दुनळी बंदूक बहुधा आढळते. कागदांची परीक्षा करण्याची रीत आता संशोधकांच्या अंगवळणी पडली आहे. परंतु बंदुकीविषयी घरचे लोक जे सांगतील तेच टिपून घेण्याचा प्रघात अद्यापि चालू आहे. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन येथे अशीच एक दुनळी आमच्या पाहण्यात आली. ती इ. स. १८०३ च्या अडगावच्या लढाईत पूर्वजांनी मिळविली, अशी त्या घराण्याची श्रद्धा आहे. ही कथा खरी मानावयाची तर बंदुकीच्या अंगावरील लक्षणांनी तिला दुजोरा दिला पाहिजे. ती लक्षणे कोणती व त्यांपैकी विरळ कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नळीच्या अस्त्राचा उल्लेख शुक्रनीतीत ‘नालिक’ या नावाने येतो, व त्यावरून इ. स. १८८० मध्ये ऑपर्ट यांनी या अस्त्राचे प्राचीनत्व प्रतिपादिले होते. तो ग्रंथ उत्तरकालीन ठरत असल्यामुळे त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

शेजारी शेजारी दोन नळ्या जोडलेली हलकी शिकारी बंदूक विलायतेत विशेष प्रचारात आली ती हेन्री नॉक याने १७८७ साली नळीच्या बुडाच्या नव्या रचनेचा हक्क मिळविल्यानंतर. या रचनेमुळे दारू लवकर पेटू लागली, तोकडी नळीही काम देऊ लागली व जोडनळीचे वजन आवाक्यात आले. तेव्हा १८०३ साली दुनळी असणे असंभवनीय नाही. मात्र ती चकमकीची असली पाहिजे. स्फोटक द्रव्यावर आघात करून बार पेटविण्याचा फोर्साइथ या पाद्र्याचा शोध १८०७ सालचा, आणि तांब्याच्या टोपीचा सार्वत्रिक प्रचार १८२० नंतरचा आहे.

येथे विरळतेचे पहिले कारण सापडते. टोपी सोयीची ठरताच चकमकीच्या असंख्य बंदुका कारागिरांनी टोपीच्या करून टाकल्या. रंजकाचा कान काढला, त्याची भोके बुजविली, घोडा बदलला व टोपी बसविण्याची बोंडी ठोकली. म्हणून मूळ चकमक, कान व घोडे शाबूत असलेली दुनळी आज फार थोडी दिसते. टोपीची बंदूक हाती येताच कळेच्या पत्र्यावर बुजविलेली भोके आहेत काय, हे भिंगाने पाहावे. असल्यास बंदूक मुळात चकमकीची, म्हणजे टोपीवरून वाटते त्याहून जुनी.

दुसरे लक्षण नळीच्या पोटाशी असते. दसऱ्याच्या शस्त्रपूजनासाठी विटेच्या भुकटीने व चिंचेने घासून घासून वरची अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या झिजली आहेत. लाकडाने झाकलेल्या खालच्या बाजूचे शिक्के मात्र वाचले. (या घासण्याने नळीवरील जौहराचा रंगही जातो. पट्ट्या पिळून व ठोकून केलेल्या विलायती नळीचा जौहर आणि आपल्याकडील मुशीतल्या पोलादाचा जौहर ही दोन भिन्न आहेत, पण संग्राहक दोहोंना एकच नाव देतात.) बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. मुकुटाखाली तिरपे दोन राजदंड, त्यांच्याशी एकीकडे ‘व्ही’ व दुसरीकडे ‘बी पी सी’ ही अक्षरे, असे त्याचे शिक्के १९०४ पर्यंत चालले. नळीच्या मापाचा आकडा १८५५ च्या कायद्यानंतर दिसू लागतो. लंबवर्तुळात ‘ई एल जी’ असल्यास नळी बेल्जममधील लीएज येथे तपासलेली; मग वर मँटनचे नाव कितीही ठळक असो.

शिरपूरच्या दुनळीवर बर्मिंगहॅमचे शिक्के आहेत, मापाचा आकडा १४ आहे, आणि कळेच्या पत्र्यावर बुजविलेले एकही भोक नाही. अर्थात ती मुळापासून टोपीची व १८५५ नंतरची. अडगावच्या लढाईशी तिचा संबंध जुळत नाही. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यानंतरची ती आहे. घरच्या मंडळींना हे रुचले नाही, हे सांगितलेच पाहिजे. परंतु दस्त्यावरील चांदीच्या लहान पत्र्यावर मोडीत मालकाचे नाव कोरलेले आहे. विलायती कारागीर हा पत्रा मालकाच्या आद्याक्षरांसाठी कोरा सोडीत. त्यावर मोडी नाव आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही. आमच्या मते लढाईच्या कथेपेक्षा हे लक्षण अधिक मोलाचे आहे, कारण ते घरच्या वह्यांशी ताडून पाहता येते. वहीत फसली साल असल्यास त्यात ५९० मिळवून इसवी साल काढावे.

आणखी दोन लक्षणे थोडक्यात सांगतो. काडतुसातून बाहेर डोकावणाऱ्या खिळीवर घोडा पडावा, अशी लफोशे याची पद्धत इंग्लंडात १८५१ च्या प्रदर्शनानंतर पसरली व थोड्याच वर्षांत मागे पडली. नळीच्या बुडाशी खिळीपुरती खाच, ही तिची खूण. असली काडतुसे आडगावी मिळणे कठीण, उलट ठासणीस घरची दारू व छरे चालत. म्हणून आपल्याकडे ती टिकली नाही. ‘गोळीसाठी नव्हे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द तोंडाशी आवळलेल्या नळ्यांवर १८७५ ते १८८७ एवढ्याच काळात ठोकीत, त्यामुळे हा शिक्का सापडल्यास नळीचा काळ बारा वर्षांच्या आत येतो.

संग्राहकांनी कायद्याकडेही लक्ष द्यावे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमातील सूट जुन्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारास आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसले पाहिजे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात हस्तलिखितास ७५ वर्षांची मर्यादा आहे, बंदुकीस १०० वर्षांची. आणि भिंतीवरची ठासणी तपासण्यापूर्वी प्रत्येक नळीत गज घालून तो किती आत जातो हे बाहेरून मापावे. पुष्कळशा बंदुका आजोबांच्या काळचा बार पोटात घेऊन लटकत आहेत.