संशय कोणावर, जाब कोणाला

रविवार, 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे दिसले, आणि मुले पळवणारी टोळी समजून गर्दीने त्यांना घेरले. त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर हीच अफवा फिरत होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन त्यांना जीव जाईपर्यंत मारले. मारणारे सराईत गुंड नव्हते, बाजाराला आलेली माणसे होती.

आपण त्यांना अफवेचे बळी म्हणून मोकळे झालो. मला ते पटत नाही. अफवा ऐकणारा, पुढे पाठवणारा आणि हात उचलणारा, प्रत्येक जण स्वतंत्र माणूस असतो.

खान्देशात गरिबाचा गुन्हा त्याच्या अख्ख्या जमातीच्या माथी मारण्याची सवय जुनी आहे. भिल्लांना सरसकट लुटारू ठरवणाऱ्या इंग्रजांनीच 1825 मध्ये त्यांची पलटण उभारली; धरणगाव तिचे ठाणे आणि जेम्स औट्रम तिचा अधिकारी. काल ज्यांची भीती होती, तेच मुलखाची राखण करू लागले. तरीही 1871 च्या कायद्याने कितीतरी जमाती जन्मापासूनच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण संशय गेला नाही. पालावरच्या माणसाकडे गाव आजही त्याच नजरेने पाहते.

आरोपी वजनदार असला की हीच नजर खाली झुकते. 1994 मध्ये जळगावचे वासनाकांड उघडकीस आले. मुलींची छायाचित्रे काढून त्यांना धमकावले गेले होते. अरविंद इनामदार आणि मीरां बोरवणकर यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी तपास केला, विशेष न्यायालय नेमले गेले, तरी शेवटी बहुतेक आरोपी सुटले. बदनामीच्या धाकाने मुली आणि त्यांची घरे गप्प राहिली. पोलिसांच्या त्रुटी असतील. पण साक्षीला पुढे येणाऱ्या मुलीच्या पाठीशी आपले गाव उभे राहिले नाही, ही चूक पोलिसांची नाही.

जळगावचेच घरकुल प्रकरण मात्र वेगळे घडले. झोपडपट्टीवासीयांसाठी आखलेल्या सुमारे 11 हजार घरांपैकी जेमतेम 1500 पुरी झाली. महापालिकेचे आयुक्त डॉ. प्रवीण गेडाम यांनी 2006 मध्ये फिर्याद दिली. खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी 48 जण दोषी ठरले. त्यांत माजी मंत्री सुरेश जैन होते. त्यांना 7 वर्षे कैद आणि 100 कोटी रुपये दंड. पुढे अपिले झाली. तरी एका अधिकाऱ्याने सही करून फिर्याद दिली म्हणून हे सगळे कोर्टापर्यंत आले, हे विसरता येत नाही.

पोलिसांकडे पाहण्याची नजरही बदलली आहे. 6 जानेवारी 2013 च्या धुळे दंगलीत पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. त्या वेळच्या मोबाइल चित्रणामुळे काही पोलिसांनाच अटक झाली. पूर्वी खाकीचा शब्द शेवटचा मानला जाई. आता लोक चित्रण दाखवून जाब विचारतात. हे चांगलेच झाले. पण तोच मोबाइल पाच वर्षांनी राईनपाड्यात अफवा घेऊन गेला.

त्या हत्यांनंतर अवघ्या सोळा दिवसांनी, 17 जुलै 2018 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी जिल्ह्या-जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने, पाच किंवा अधिक जणांनी जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनात प्रत्येक सहभागी दोषी धरला आहे. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप.

वाचकहो, उद्या तुमच्या बाजारात एखादा परका माणूस घेरला गेला, तर 112 ला फोन लावा, आणि कोर्टात साक्ष द्यायची वेळ आली तर नाव लपवू नका.